लुकांगमध्ये चंदन घेताना फसले, तुम्ही वजनाचं अक्षर आधी बघा

ताइवानमध्ये राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितेय. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या सिंचूला असतो. गेल्या महिन्यात लुकांगला गेलो. तिथे रेल्वे नाही. चांगहुआ स्टेशनला उतरून बस धरावी लागते.

लुकांग म्हणजे हरणांचं बंदर. डच काळात इथून हरणांची कातडी जहाजानं बाहेर जायची. ताइनाननंतर बेटावरचं दुसरं मोठं शहर म्हणून याचं नाव होतं. पुढे बंदर गाळानं भरलं, व्यापार गेला आणि अरुंद बोळ, विटांची घरं, देवळं तशीच राहिली. लुंगशान देवळातल्या रंगमंचावरचं अष्टकोनी लाकडी छत पाहताना मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. आत ग्वानयिन आहे, म्हणजे आपल्या कान्हेरीच्या लेण्यांतला अवलोकितेश्वर. त्यामुळे मन अगदी मोकळं झालं होतं.

जुन्या बाजारात धूप-उदबत्तीची दुकानं बरीच आहेत. एका दुकानदारानं आम्ही भारतातले आहोत हे ओळखलं. चंदनाचा तुकडा नाकाशी धरून म्हणाला, "हे तुमच्याच देशातलं." ताइवानात भारतीय चंदनाला खरोखरच मान आहे, त्यामुळे शंका आली नाही. पाटीवर 380 लिहिलं होतं. मी विचारलं, "एका जिनला?" त्यानं मान हलवली. ताइवानी जिन म्हणजे 600 ग्रॅम. इतकं स्वस्त कसं, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. मी अर्धा जिन मागितलं. त्यानं तुकडे तोलले आणि लगेच यंत्रात घालून भुगा करून पुडीत बांधले. मग गणकयंत्र पुढे केलं: 3040.

पाटीवरचा भाव लिआंगचा होता. एका जिनचे 16 लिआंग, म्हणजे एक लिआंग साडेसदतीस ग्रॅम. आपल्याकडे शेराचा भाव समजून तोळ्याचा द्यावा, तसंच. मी 190 ताइवानी डॉलर धरून चालले होते. भांडले, पण तो एकच सांगत राहिला की दळलेलं परत घेत नाही. दळण्याची घाई कशासाठी होती ते तेव्हा कळलं. मागे लोक उभे होते, नवरा "सोड" म्हणाला आणि मी रोख पैसे दिले. आपले जवळजवळ आठ हजार रुपये.

पावतीही घेतली नाही, याचा फार त्रास होतो. नंतर नवऱ्याच्या ऑफिसातल्या सहकारी बाईंनी ग्राहक तक्रारीचा 1950 हा क्रमांक दिला, पण हातात कागदच नसल्यानं आमच्या बाजूनं दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. फसवणुकीबद्दल पोलिसांचा सल्ला 165 वर मिळतो, तोही जपून ठेवा.

त्या बाईंनीच मला अक्षर ओळखायला शिकवलं. लिआंगच्या अक्षरात एक चौकट असते आणि तिच्या आत दोन माणसं शेजारी उभी असल्यासारखी दिसतात. जिनचं अक्षर चारच रेघांचं, आत काहीच नसलेलं. सुका मेवा, चहा, औषधी मुळ्या, कापलेली फळं, जिथे तोलून मिळतं तिथे आकड्याच्या शेजारी ते शोधा. एकूण रक्कम गणकयंत्रावर बघितल्याशिवाय काही कापू, दळू किंवा बांधू देऊ नका.

आता दोन्ही अक्षरांचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या सिंचूच्या सगळ्या मैत्रिणींना तो काल पाठवला.