जुलैमधलं हॅवलॉक, आणि पाच नंबर बीचवरचं एक गेस्ट हाउस

दर वर्षी मे महिन्यात 'मान्सून अंदमानात दाखल' अशी बातमी येते आणि आमच्या घरात आवराआवर सुरू होते. कोकणात समुद्राजवळ आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. जूनचा पहिला पाऊस पडला की पाहुणे थांबतात, ते थेट गणपतीपर्यंत. म्हणजे आम्हाला सवड मिळते ती नेमकी जगाने घरी बसायच्या दिवसांत. त्यामुळे अंदमानला, तिथल्या हॅवलॉक बेटावर जायचं तर जुलैतच, यात ठरवायला काही नव्हतं. प्रश्न एवढाच होता की बातमीत जो पाऊस आधी तिथं पोचतो, त्या पावसात तिथं जाऊन पैसे वसूल होतात का.

माझं उत्तर: होतात, पण समुद्र बघायला म्हणून जाऊ नका. बेटावर राहायला म्हणून जा, आणि हातात रिकामे दिवस ठेवून जा.

आधी पावसाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. अंदमानात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातही तीन हजारांच्या वरच पडतो. फरक असा की आमच्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, आणि तिथं मे महिन्यापासून पार डिसेंबरपर्यंत पसरतो. कारण नैर्ऋत्येचा गेला की ईशान्येचा येतो. म्हणून आषाढात आमच्याकडे जशी झड लागते, सूर्य आठवडाभर तोंड दाखवत नाही, तसं तिथं आम्ही असताना झालं नाही. सर यायची, तासभर धिंगाणा घालायची, मग लख्ख ऊन. पुन्हा दुपारी काळंकुट्ट. कोकणातल्या माणसाला हा पाऊस सोपा वाटतो. पुण्याहून येणाऱ्याला वाटेल का, सांगू शकत नाही. दमटपणा मात्र भयंकर. ऊन पडलं की घामाच्या धारा, आणि पंखा बंद पडला तर पाऊस परवडला म्हणायची वेळ.

आता गेस्ट हाउस. नाव देत नाही, कारण काही उणी बाजूही लिहायची आहे आणि माणसं भली आहेत. विजयनगरला, म्हणजे तिथल्या भाषेत पाच नंबर बीचवर, नारळीच्या बागेत पत्र्याच्या छपराच्या काही खोल्या. कुटुंब बंगाली. 1950च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटावर जमिनी दिल्या, त्यांतलं. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी गावांची नावं ऐकून आपण वृंदावनात उतरलोय की काय असं वाटतं. मालकांना सगळे दादा म्हणतात, त्यांच्या बायकोला बौदी. त्यांच्याशी आपलं हिंदीतच बोलणं होतं, आणि बेटावरची हिंदी आपल्या हिंदीइतकीच मोडकी असल्यामुळे कोणी कोणाला हसत नाही.

खोलीचे दिवसाला 1500 रुपये. एसी नाही, पंखा आहे, मच्छरदाणी आहे. मी गेल्या गेल्या काय करते तर उशी नाकाला लावते. धंद्याची खोड आहे. पावसाळ्यात समुद्राकाठच्या खोलीची खरी परीक्षा उशीत होते. चादर रोज बदलता येते, उशी आणि गादी आतून दमट राहिली की कुबट वास काही केल्या जात नाही. इथं दोन उशांपैकी एकीला तो वास होता. बौदींना सांगितलं, तर त्यांनी काही न बोलता दुसरी आणून दिली, आणि ती कोमट होती. कोमट उशी! मागे गेले तर स्वयंपाकघराला लागून एक लहानशी खोली दिसली, खिडकी नाही, मधोमध दोरी, आणि खाली पिवळे जुन्या पद्धतीचे बल्ब लोंबकळत सोडलेले. शेजारच्या भिंतीपलीकडे चूल. भिंत तापते, बल्ब तापतात, चादरी-टॉवेल रात्रभरात कोरडे. वरून प्रत्येक चादरीला इस्त्री, घडी घालण्याआधी दोन्ही बाजूंनी. ड्रायर घेण्यासाठी आम्ही कर्जाचे कागद गोळा करत होतो, ते घरी आल्यावर बाजूला ठेवलेत.

पत्र्यावर रात्री जोराची सर आली की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. हलकी झोप असणाऱ्यांनी कौलारू किंवा स्लॅबची खोली बघावी. मच्छरदाणीला एक भोक होतं, ते पांढऱ्या दोऱ्याने इतकं बारीक रफू केलेलं की मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. बाथरूममधला नळ गळत होता, तो शेवटपर्यंत गळतच राहिला. वीज दिवसातून एक-दोनदा जायची. जनरेटर होता, पण दादा तो अंधार पडल्यावरच लावायचे. दुपारी मागितला तर हसून टाळायचे. डिझेलचा हिशोब मला कळतो, तरी पाहुण्याला हे बुकिंग करताना सांगायला हवं.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच. बुकिंगच्या वेळीच दादा फोनवर म्हणाले, "दीदी, बारिश में बोट का भरोसा नहीं. नहीं आ पाए तो पैसा नहीं लगेगा, और फँस गए तो आधा." म्हणजे बोट सुटली नाही आणि पोचता आलं नाही तर त्या रात्रीचं भाडं नाही, बेटावर अडकलात तर जादा रात्रीचं अर्धं. मी मनातल्या मनात हिशोब मांडून पाहिला. जुलैत ती खोली नाहीतरी रिकामीच असते, त्यांचं जाणारं काही नाही. आणि पाहुणा मात्र निर्धास्त होतो. पावसाळ्यात बेटावर खोली घेताना समुद्र दिसतो का, नाश्ता आहे का, हे नंतर विचारा. आधी हे विचारा.

कारण पावसाळी बेटावर खरी अडचण पाऊस नसतो, वारा असतो. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हे अंतर बहुतेक पर्यटकांना बोटीनेच कापावं लागतं. (2018पासून हॅवलॉक हे स्वराज द्वीप झालं आणि 2024पासून पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम. तिकिटावर नवी नावं असतात, धक्क्यावर जुनी चालतात. गोंधळू नका.) खाजगी कॅटामरान, म्हणजे जुळ्या तळाच्या वेगवान बोटी, दीडेक तासात पोचवतात, आतून सगळं बंद, एसी, खुर्चीला चिकटून बसायचं. पावसाळ्यात त्यांच्या फेऱ्या कमी होतात. सरकारी बोट फिनिक्स बे धक्क्यावरून सुटते, अडीच तासांच्या आसपास घेते, स्वस्त आहे, आणि तिच्या उघड्या डेकवर उभं राहता येतं. बोट लागणाऱ्यांसाठी ही शेवटची गोष्ट लाखमोलाची. बंद काचेमागे बसून लाटा झेलणं आणि क्षितिजाकडे बघत वारा खात उभं राहणं यात पोटाला फार फरक पडतो. नवरा जाताना कॅटामरानने गेला तो पिशवी तोंडाशी धरून. येताना सरकारी बोटीवर डेकवर शेंगदाणे खात आला. समुद्र दोन्ही वेळा सारखाच खवळलेला होता. निघण्याआधी अर्धा तास उलटीची गोळी घ्या, पोट अगदी रिकामं ठेवू नका, आणि आत बसावंच लागलं तर खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याजवळची जागा धरा.

आमच्या तालुक्यातल्या एका एजंटाने जे पॅकेज पुढे केलं होतं त्यात रोज एक बेट, आणि नील या शेजारच्या बेटावरून सकाळी सुटून त्याच दुपारी विमान. हे जुलैत करणं म्हणजे जुगार. वाऱ्याचा इशारा लागला की बोटी सोडत नाहीत, आणि त्यात कोणाशी भांडून उपयोग नसतो. आम्ही नील सोडून दिलं आणि परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवली. बरं, अडकायची भीती फक्त पावसाळ्यातच असते असंही नाही. डिसेंबर 2016मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, चक्रीवादळाच्या वेळी हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि नौदलाच्या जहाजांना त्यांना आणायला जावं लागलं होतं.

किनाऱ्यांबद्दल एक साधी गोष्ट कोणत्याच जाहिरातीत लिहीत नाहीत. राधानगर बेटाच्या पश्चिमेला आहे. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे तो किनारा थेट तोंडावर. फोटोतलं ते निळं, काचेसारखं पाणी तेव्हा नसतं. करड्या-हिरव्या लाटा असतात, दणदणीत. पोहायचं नाव काढू नये, जीवरक्षक शिट्टी मारतातच. पण ती लांबलचक पांढरी वाळू, मागे महुआची प्रचंड झाडं (आपला मोह नव्हे, ही समुद्राकाठची जात वेगळी), आणि अख्ख्या किनाऱ्यावर आम्ही धरून सात-आठ माणसं. हंगामात इथं स्टुलावर बसायलाही जागा नसते म्हणे. सर आली तसे आम्ही झाडाखाली सरकलो, गेली तसे बाहेर आलो. दुपार अशीच गेली आणि मला ती पुरली.

पूर्वेकडचे किनारे, विजयनगर, गोविंदनगर, कालापत्थर, त्याच वाऱ्याला पाठ करून असतात. तिथं पाणी शांत. भरतीच्या वेळी विजयनगरला कमरेपर्यंतच्या पाण्यात डुंबता येतं, ओहोटीला खडक उघडे पडतात आणि पाय कापतात, म्हणून जुने बूट किंवा मासेमाऱ्यांची रबरी चप्पल घाला. भरती-ओहोटीच्या वेळा दादांना तोंडपाठ. खारफुटीच्या बाजूला मात्र जाऊ नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि 2010मध्ये राधानगरजवळच एका परदेशी तरुणीचा मगरीने जीव घेतला होता. पाट्या लावलेल्या असतात त्या शोभेच्या नाहीत. संध्याकाळी ओल्या वाळूत बसलात तर वाळूमाश्या फोडून काढतात, खोबरेल तेल थापून गेलं की कमी चावतात.

एलिफंट बीचच्या बोटी बंद होत्या. नवऱ्याने किनाऱ्यालगत स्कूबा केलं. विदूषक मासा दिसला, पण चार-पाच मीटरच्या पलीकडे सगळं धूसर, आणि दर मात्र हंगामाचाच. पाणी गढूळ आहे हे पैसे घेण्याआधी सांगायला काय जातं? फक्त समुद्राच्या पोटातलं बघायला जाणार असाल तर जानेवारी ते एप्रिल जा. पोर्ट ब्लेअरजवळचं जॉली बॉयही पावसाळ्यात बंद असतं, त्याऐवजी रेड स्किन बेटावर नेतात.

जेवणाचं मात्र असं की जुलैत आमच्याकडे मासेमारी बंद. जूनपासून जुलै संपेपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर बंदी, सुक्यावर दिवस काढायचे. अंदमानची बंदी उन्हाळ्यातली, जुलै उजाडायच्या आत संपलेली. त्यामुळे ऐन आषाढात ताजी तांबोशी! बौदी मोहरी आणि हिरवी मिरची वाटून, वरून कच्चं मोहरीचं तेल सोडून ती शिजवायच्या. पहिल्या घासाला नाकात झणका जातो, नारळाच्या वाटणावर वाढलेल्या जिभेला जरा वेळ लागतो. तिसऱ्या घासानंतर मी भात मागून घेतला. सोबत पातळ मसूर डाळ, पपईची भाजी, 200 रुपये थाळी. शाकाहारी माणसाला रोज बटाटा आणि पपई, हे आधीच सांगते.

नेट चालतं. 2020मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून बरं आहे म्हणतात, पण मोठ्या पावसात जातंच, आणि मग यूपीआयही जातं. रोख ठेवा. स्कूटरचे दिवसाला 500 दिले. राधानगरच्या वाटेवर मधला चढ-उतार ओला असला की ब्रेक जपून. रेनकोट घरून न्या, छत्री त्या वाऱ्यात निरुपयोगी.

पोर्ट ब्लेअरच्या राखीव दिवशी सेल्युलर जेल पाहिलं, धो धो पावसात. मूळच्या सात इमारतींपैकी तीन उरल्यात. प्रत्येक कोठडीचं दार पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये. वरच्या मजल्यावर टोकाला सावरकरांची कोठडी. हंगामात तिथं रांग असते. आम्ही दोघंच होतो, कितीही वेळ थांबा, कोणी पुढे सरका म्हणालं नाही.

गेस्ट हाउसला पाचपैकी चार. एक गुण गळका नळ आणि दुपारच्या जनरेटरचा. जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की तिथं जुलैतही पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सगळं बेट लवकर जेवतं. रात्रीचं जेवण चारच्या चहालाच सांगून ठेवा, साडेआठनंतर बौदी चूल विझवतात आणि मग बिस्किटावर झोपावं लागतं.