जर्मनीत एका सेमिस्टरसाठी: वोनहाइमची खोली घ्यावी की वेगेतली?

एक्सचेंजचं पत्र हातात पडलं की विषयांची यादी, व्हिसाची अपॉइंटमेंट आणि ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं आणि ते दरमहा ठरावीक हप्त्यानं देणारं खातं) यांतच सगळा वेळ जातो. राहायचं कुठे, हा प्रश्न 'पुढचं पुढे' म्हणून बाजूला राहतो. तो बाजूला ठेवू नका, कारण जर्मनीत विद्यार्थ्याला खोली मिळणं हेच सर्वांत अवघड काम आहे. वाटा मुख्यतः दोन. एक म्हणजे श्टुडिरेंडनवेर्क या विद्यार्थी-कल्याण संस्थेचं वोनहाइम, म्हणजे विद्यार्थी वसतिगृह. दुसरी म्हणजे वेगे, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून भाड्यानं घेतलेल्या घरातली एक खोली.

महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलामुलींना खोली शोधायला मी बरीच वर्षं मदत करते आहे, त्यामुळे माझं मत आधीच सांगते. एकच सेमिस्टर राहणार असाल तर वोनहाइम घ्या, आणि तेही सामायिक स्वयंपाकघर असलेलं. वर्षभर राहणार असाल आणि रोजच्या बोलण्यापुरती जर्मन येत असेल, तर वेगेसाठी खटपट करणं सार्थकी लागतं. असं का, ते आता सविस्तर सांगते.

पैशांचं गणित

ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला मिळतात ९९२ युरो. वोनहाइमची खोली बहुतेक शहरांत २५० ते ४०० युरोंच्या दरम्यान पडते, आणि त्यात हीटिंग, पाणी, वीज, इंटरनेट सहसा धरलेलं असतं. वेगेचं भाडं शहरावर अवलंबून. म्युनिकमध्ये एका खोलीला ७०० ते ८०० युरो मोजावे लागणं नवलाचं नाही. केमनिट्झसारख्या पूर्वेकडच्या शहरात त्याच्या निम्म्याहून कमीत भागतं. म्युनिक किंवा फ्रँकफुर्टला जाणाऱ्यांनी वोनहाइम मिळत असेल तर दुसरा विचारच करू नये.

वेगेच्या जाहिरातीत 'काल्ट' भाडं लिहिलंय की 'वार्म', हे आधी बघा. काल्ट म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई हे सगळं त्यावर वेगळं; ते धरून होतं ते वार्म. वीज आणि इंटरनेट तर बऱ्याचदा वार्ममध्येही धरलेलं नसतं. शिवाय हीटिंगचा हिशेब वर्षातून एकदा होतो आणि कमी पडलेली रक्कम मागाहून भरावी लागते. तुम्ही पुण्याला परतल्यावर वेगेतल्या मैत्रिणीचा 'तुझ्या वाट्याचे इतके आले' असा मेसेज येऊ शकतो. वोनहाइममध्ये ठरलेली रक्कम भरली की विषय संपला.

अनामत दोन्हीकडे द्यावी लागते. कायद्यानं ती तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. वोनहाइममध्ये ती साधारण काहीशे युरोंवर भागते.

वेगेचा फायदा दिसतो तो रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीत. टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात आणि बिल तीन महिन्यांचं एकदम येतं. वेगेत ते चौघांत वाटलं जातं. वोनहाइममध्ये सामायिक बोळात उघडणारी प्रत्येक खोली वेगळं घर धरतात, म्हणून पूर्ण रक्कम एकट्यावर. वोनहाइमच्याच इमारतीत स्वतंत्र दार असलेला तीन-चार खोल्यांचा फ्लॅट मिळाला, तर मात्र त्या फ्लॅटला एकच वर्गणी. हे पत्र जर्मनमध्ये येतं आणि जाहिरातीसारखं दिसतं, म्हणून मुलं ते फेकून देतात. फेकू नका, दंड वाढत जातो.

वोनहाइमची एक गोष्ट मात्र खटकते. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, पण तास सुरू होतात ऑक्टोबरच्या मध्यावर आणि संपतात फेब्रुवारीत. करार बहुतेक वेळा मार्चअखेरपर्यंत बांधलेला असतो, त्यामुळे तुम्ही आधी परत गेलात तरी भाडं चालू राहतं. एक्सचेंजवाल्यांसाठी कमी मुदतीचा करार आहे का, हे अर्ज करतानाच विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

मिळवायची कशी

वोनहाइमसाठी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून निवडीची मेल आली की त्याच दिवशी अर्ज करा. बऱ्याच विद्यापीठांत एक्सचेंजवाल्यांसाठी काही खोल्या राखून ठेवलेल्या असतात. पूर्ण पदवीसाठी येणाऱ्यांना ही सवलत नसते, ते मोठ्या शहरांत कित्येक महिने प्रतीक्षा यादीत असतात. हाताशी आलेली ही संधी केवळ मुदत चुकली म्हणून गेलेली मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

वेगेचं तंत्र वेगळं. 'वेगे-गेझुख्ट' या संकेतस्थळावर जाहिराती असतात. तिथे मालकाला अर्ज करायचा नसतो. आधीपासून राहणारी मुलं तुम्हाला निवडतात. एका चांगल्या खोलीसाठी त्यांच्याकडे ढिगानं मेसेज येतात, त्यामुळे 'मी मेहनती, शिस्तप्रिय विद्यार्थी आहे' छापाचं पत्र कोणी वाचत नाही. त्यांना कळायला हवं की रविवारी तुम्ही काय करता, काय रांधता, सोबत जेवायला आवडतं की आपली खोली बरी. जाहिरातीतलं एखादं वाक्य धरून लिहिलंत, तर तुम्ही ती नीट वाचली आहे हे त्यांना दिसतं. मोडकीतोडकी का होईना, जर्मनमध्ये लिहा. भारतातून व्हिडिओ कॉलवर निवड होते, पण पुष्कळ वेगे प्रत्यक्ष भेटीचाच आग्रह धरतात. एका सेमिस्टरसाठी शोधताना 'त्स्विशेनमीटे' या सदरात बघा: स्वतः कुठे बाहेर गेलेला जर्मन विद्यार्थी आपली सामानासकट खोली काही महिन्यांसाठी देतो. रिकाम्या खोलीत पलंग, गादी, टेबल घेऊन पाच महिन्यांत ते विकायला काढणं परवडत नाही.

फसवणूक याच टप्प्यावर होते. मध्यवस्तीतली सुंदर खोली, भाडं अगदी कमी, मालक म्हणे परदेशात आहे, पासपोर्टचा फोटोही पाठवतो, आणि 'अनामत भरा, किल्ली पोस्टानं येईल' असं सांगतो. किल्ली येत नाही. घर कोणी तरी ओळखीच्या माणसानं पाहिल्याशिवाय आणि करार झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. त्या शहरात महाराष्ट्र मंडळ किंवा भारतीय विद्यार्थ्यांचा गट असेल, तर कोणी ना कोणी जाऊन बघून येतं. विचारायला संकोच करू नका.

स्वयंपाकघर

घरी 'होस्टेल मिळालं' असं कळवलं की आईवडिलांच्या डोळ्यांसमोर मेस आणि रेक्टर उभे राहतात. वोनहाइममध्ये यातलं काहीच नसतं. दुपारी विद्यापीठाच्या मेन्सात स्वस्तात जेवता येतं, शाकाहारीही मिळतं, पण रात्रीचं आणि रविवारचं तुमचं तुम्ही. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली तेवढी उघडी, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणायची.

वोनहाइममध्ये एका मजल्यावर आठ-दहा किंवा त्याहून जास्त जण एकच स्वयंपाकघर वापरतात. प्रत्येकाला कुलूप लागणारं कपाट आणि फ्रिजचा एखादा कप्पा मिळतो. पातेली सामायिक असतील तर त्यांत गोमांस, डुकराचं मांस सगळं शिजतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी स्वतःची एक कढई, एक तवा, एक कुकर ठेवावा, आणि वापरून झाल्यावर कुलपात टाकावा. वेगेत हाच प्रश्न बोलून सुटतो. 'हे पातेलं माझ्यासाठी वेगळं ठेवाल का?' असं पहिल्याच दिवशी सांगितलं की लोक मनापासून पाळतात. न सांगता मनात धुसफुसत राहणं तिथे कोणाला कळत नाही.

शेगडी बहुतेक ठिकाणी काचेची, आतून तारा तापणारी, म्हणजे सेरान. नव्या घरांत इंडक्शन. घरून अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणलात तर तो सेरानवर चालेल, इंडक्शनवर नाही. सपाट बुडाचा, इंडक्शनला चालणारा स्टीलचा आणा म्हणजे दोन्हीकडे चालतो. सेरानवर फोडणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: बटण बंद केलं तरी काच बराच वेळ तापलेलीच राहते. गॅसच्या सवयीनं मोहरी तडतडल्यावर नुसतं बटण फिरवलंत की हळद काळी पडते आणि धूर होतो. कढलं उचलून बाजूच्या थंड काचेवर ठेवायचं आणि मग हिंग-हळद घालायची. खिडकी आधीच उघडा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. धूर बोळात गेला की तिथला अलार्म वाजतो. काही वोनहाइममध्ये तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि विनाकारण गाडी आली तर तिचा खर्च तुमच्या नावावर पडू शकतो. वेगेत अलार्म वाजला तर कोणी तरी स्टुलावर चढून तो बंद करतं.

तुरडाळ, पोहे, हिंग आशियाई दुकानात मिळतं; कोथिंबीर, छोले तुर्की दुकानात ताजे आणि स्वस्त. रवा कोणत्याही सुपरमार्केटात 'ग्रीस' या नावानं असतो.

सफाईच्या बाबतीत दोन्हीकडे पुट्सप्लान, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक. वोनहाइममध्ये पाळी चुकवली तरी गर्दीत खपून जाते, म्हणून तिथलं सिंक बऱ्याचदा भरलेलं असतं. वेगेत खपत नाही. चौघांत एकानं पाळी चुकवली की दुसऱ्या दिवशी टेबलावर विषय निघतो, आणि तो थेट, तोंडावर निघतो. हे भांडण नसतं, तिथली बोलायची रीतच तशी आहे. कचरा चार ठिकाणी वेगळा करणं, रात्री दहानंतर आवाज न करणं, हे दोन्हीकडे सारखंच.

माणसं

वेगेची खरी किंमत इथे आहे. जर्मन शिकायची तर वेगेसारखी शाळा नाही. नाश्त्याच्या टेबलावर रोज कानावर पडणारी भाषा महिन्या-दोन महिन्यांत तोंडात बसते. पुण्या-मुंबईत माक्स म्युलर भवनात पक्कं केलेलं व्याकरण तिथे बोलकं होतं. शिवाय आजारी पडलात तर डॉक्टरला फोन लावून देणारं कोणी तरी घरात असतं. पण 'त्स्वेक-वेगे' असं जाहिरातीत लिहिलं असेल तर तिथे फक्त भाडं वाटून घेतात, एकमेकांशी फारसा संबंध नसतो. असली वेगे घेण्यात आपला काहीच फायदा नाही.

वोनहाइममध्ये बोलणं बहुतेक इंग्रजीत होतं. मेक्सिको, कोरिया, इटली, सगळीकडची मुलं तुमच्यासारखीच नवी असतात, त्यामुळे ओळखी पहिल्या आठवड्यातच होतात. भारतीय मुलंही भेटतात आणि दिवाळी एकटीनं काढावी लागत नाही. याचा दुसरा भाग असा की सगळं सेमिस्टर हिंदी-इंग्रजीत जाऊ शकतं. म्हणूनच माझा सामायिक स्वयंपाकघराचा आग्रह आहे. स्वतंत्र किचन असलेली वोनहाइमची अपार्टमेंट ऐकायला छान वाटते, पण नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधार पडायला लागला की त्या चार भिंती अंगावर येतात. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या मुलामुलींनी ती टाळावी, असं मी अगदी कळकळीनं सांगते.

कागद आणि किल्ली

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. ही आनमेल्डुंग. त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला दाखला लागतो. वोनहाइममध्ये तो न मागता किंवा एका मेलवर मिळतो. वेगेत पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल, तर मुख्य भाडेकरू तो देऊ शकतो, पण पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी त्यानं घेतलेली हवी. 'आनमेल्डुंग करता येणार नाही' असं कोणी म्हणालं, तर खोली कितीही चांगली असली तरी सोडून द्या. बँक खातं, व्हिसाची मुदत वाढवणं, नोकरीचा टॅक्स नंबर, सगळं त्या एका कागदावर अडून बसतं.

वोनहाइमची किल्ली हाउसमाइस्टरकडून, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडून, घ्यावी लागते आणि त्याच्या वेळा ठरलेल्या असतात, फक्त कामाच्या दिवशी. शुक्रवारी रात्री उतरणारं विमान घेतलंत तर सोमवारपर्यंत हॉटेलचा खर्च पदरी पडतो. सोमवार ते बुधवार सकाळी पोहोचणारं तिकीट काढा, किंवा किल्ली घ्यायला ओळखीच्या कोणाला अधिकारपत्र द्या. ही किल्ली हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलूपव्यवस्था बदलायचा खर्च मागू शकतात, म्हणून महिन्याला चार-पाच युरोंचा हाफ्टफ्लिख्ट विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) घ्या आणि त्यात किल्ली हरवल्याची भरपाई आहे ना, ते वाचून घ्या. खोलीत शिरताच भिंती, गादी, खिडक्या यांचे फोटो काढून हाउसमाइस्टरच्या यादीत प्रत्येक ओरखडा लिहून घ्या. वेगेतही हेच करा, तिथे यादी कोणी आपणहून देत नाही.

वेगे शोधत असाल तरी वोनहाइमचा अर्ज आधी करून ठेवा. जागा मिळाल्याचं पत्र आलं की होकार कळवायची आणि मागे हटायची मुदत त्यात दिलेली असते. तोवर वेगे मनासारखी जमली नाही तर वोनहाइम पक्कं करा. आणि परत निघताना आबमेल्डुंग, म्हणजे पत्ता रद्द करण्याची नोंद, निघण्याच्या आधीच्या आठवड्यात उरकून घ्या. रेडिओ-टीव्हीची वर्गणी बंद करायला तोच कागद लागतो. अनामत काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी परत येते, म्हणून जर्मन बँकेचं खातं ती जमा होईपर्यंत बंद करू नका.