मोरोक्को: ग्रुप टूरची बस की चौघांची गाडी?

मोरोक्कोला जायचं ठरवणारे बहुतेक जण एकाच प्रश्नावर अडतात. फेस, मराकेश, मर्झूगाची वाळू, अॅटलास पर्वतातली बर्बर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, गावं ही यादी सगळ्यांची सारखीच असते. मुंबई-पुण्याहून टूर मॅनेजरसकट निघणारी ग्रुप टूर घ्यायची, की चार-सहा जणांनी मिळून तिथलीच गाडी आणि ड्रायव्हर ठरवायचा, एवढंच ठरत नसतं. मी दोन्ही केलंय. आधी आईला घेऊन ग्रुपबरोबर गेलो, नंतर आम्ही दोघं आणि एक मित्र-जोडपं असे गाडीने. व्हिसा, विमान, दिरहम हे सगळं तुम्ही वाचलेलं असणारच, त्यात शिरत नाही.

ग्रुप टूरचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. आईचे गुडघे कुरकुरतात आणि जुन्या फेसमध्ये सपाट रस्ता असा नाहीच. सगळ्या गल्ल्या उतरणीच्या नाहीतर चढणीच्या, फरशी गुळगुळीत, वर खेचरांची ये-जा. आमचा टूर मॅनेजर, विशी-पंचविशीतला मुलगा, तिच्यासाठी मुद्दाम मागे रेंगाळायचा. कुठे बसायला मिळेल, स्वच्छतागृह कुठे आहे, हे त्याला पाठ होतं. रात्री जेवणात वरण-भात किंवा निदान त्याच्या जवळचं काहीतरी असायचं. सत्तरीच्या माणसाला परक्या मुलखात हा आधार किती मोठा असतो, हे सोबत असल्याशिवाय कळत नाही. आई अजूनही त्या ग्रुपमधल्या तीन-चार बायकांशी फोनवर बोलते.

गाडीने गेल्यावर हे काहीच नसतं. आमचा ड्रायव्हर वारझाझातच्या बाजूचा, घरात तामाझिग्त ही बर्बर भाषा बोलणारा. फ्रेंच उत्तम, इंग्रजी कामापुरतं. माणूस अतिशय सभ्य, पण ड्रायव्हर म्हणजे गाइड नव्हे. मदिनेत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, माहिती सांगायला परवानाधारक स्थानिक गाइड लागतो आणि तो प्रत्येक शहरात वेगळा घ्यावा लागतो. ग्रुपलाही असाच गाइड मिळतो. त्यामुळे फेसच्या करावियीन मशीद-विद्यापीठाची स्थापना 859ची आणि ती फातिमा अल-फिहरी या बाईने केली, किंवा बू इनानिया मदरसा मरिनी राजघराण्याच्या काळातला, ही माहिती दोन्हीकडे सारखीच कानावर पडते. ज्ञानात फरक पडेल असं मला तरी वाटत नाही. गालिचे, आर्गन तेल आणि चामड्याच्या दुकानांतले थांबेही दोन्हीकडे असतात. गाडीवाल्याला आधीच लिहून कळवलं तर ते टळतात, ग्रुपमध्ये सहसा टळत नाहीत.

जेवणात मात्र गाडीवाल्यांना जपावं लागतं. भाजीचं ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला पदार्थ, म्हणून समोर येतं ते कधीकधी मटणाच्या रश्शात शिजवलेलं असतं. हरीरा सुपातही बऱ्याचदा मांस असतं. विचारायची लाज बाळगू नका. वाळवलेल्या बाकल्याचं बिसारा सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड, हे थंडीच्या सकाळी फार छान लागतं. भाजलेल्या वांग्या-टोमॅटोचं झालूक, शिजवलेली मसूर, आणि आपल्या घडीच्या पोळीची आठवण करून देणारी म्सेमन, एवढ्यावर आमच्यातले दोन शाकाहारी व्यवस्थित तगले. पण रोज ताजीन खाऊन कंटाळा येतो, हेही खरं. जैन जेवण हवं असेल तर मी ग्रुपच सुचवेन.

इथपर्यंत तराजू ग्रुपकडेच झुकतोय, हे मलाही दिसतंय. माझ्यासाठी तो फिरवला एकाच गोष्टीने: बसच्या लांबीने.

चाळीस माणसांची बस जुन्या शहरात जात नाही. फेस अल-बालीत, म्हणजे जुन्या फेसमध्ये, तर गाडीच जात नाही, सामान खेचरावरून किंवा हातगाड्यावरून येतं. मग हॉटेल घ्यायचं कुठे? जिथे बस दारात उभी राहील तिथे. 1912 साली फ्रेंचांचं संरक्षित राज्य सुरू झालं, तेव्हा रेसिडेंट जनरल ल्योते याने जुन्या मदिना तशाच ठेवून बाहेर नवी शहरं वसवायचं धोरण ठेवलं. त्याच धोरणामुळे आज मदिना शाबूत आहेत आणि त्याच धोरणामुळे रुंद रस्ते, मोठी हॉटेलं, बसचे तळ हे सगळं तटाबाहेर आहे. फेसमध्ये आमच्या ग्रुपचा मुक्काम नव्या शहरात होता. सकाळी नाश्ता, सगळ्यांची मोजदाद, बस, तटाबाहेर उतरणं, पुन्हा मोजदाद. आत पाय पडेपर्यंत साडेदहा व्हायचे. त्या वेळी आत काय असतं? आपल्यासारखेच ग्रुप. पुढे झेंडा, मागे माळ. शूआरा चर्मालयाच्या गच्चीवर नाकाशी पुदिना धरून उभं राहायचं, चुना आणि कबुतराच्या विष्ठेचे पांढरे हौद वरून बघायचे, फोटो, खाली दुकान. चार वाजता परत बस. संध्याकाळी जुनं शहर तिथे आणि आपण हॉटेलच्या लॉबीत भारतीय जेवणाची वाट बघत.

गाडीने गेलो तेव्हा मदिनेच्या आत एका रियादमध्ये उतरलो. रियाद म्हणजे मध्ये चौक असलेलं जुनं घर, खोल्या मोजक्याच. ड्रायव्हरने वेशीशी सोडलं, तिथून एका पोऱ्याने बॅगा गाड्यावर घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाहेर पडलो तर गल्लीत शाळेची मुलं, दूधवाला आणि खेचरं. "बालाक, बालाक" अशी आरोळी आली की भिंतीला चिकटायचं, लगेच कच्च्या चामड्याचा ढीग लादलेलं जनावर अंगाला घासून जातं. वळणावर सार्वजनिक भट्टी होती. घराघरातून कणीक मळून, गोल पाव थापून, फळीवर कापडाखाली झाकून आणतात. दहा-बारा वर्षांची एक मुलगी अशी फळी डोक्यावर धरून आली, भट्टीवाल्याने न बघता ती घेतली, लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने पाव आत सरकवले. कुणाचे पाव कुठले हे त्याला कसं कळतं, म्हणून आम्ही बराच वेळ उभे राहिलो. त्याने हसून एक पाव आमच्याही हातात ठेवला, गरम, खालून राख लागलेला. पैसे घेईना. ही भट्टी पहिल्या वेळीही वाटेत असणार, पण साडेदहाला ती मला दिसली नव्हती.

मराकेशमध्ये फरक थोडा कमी वाटतो, कारण कुतुबियाचा 77 मीटरचा मिनार आणि जमा अल-फना चौक रस्त्याला लागूनच आहेत, बस जवळपास येते. तरी चौकाची वेळ संध्याकाळची. सूर्य कलला की खाण्याच्या गाड्या मांडल्या जातात, धूर चढतो, गोष्टी सांगणारे आणि ग्नावा वादक यांच्याभोवती रिंगणं धरतात. युनेस्कोने या चौकाला मौखिक वारसा म्हणून 2001 मध्ये मान दिला तो याच गोष्टींसाठी. नेमक्या त्याच वेळी आमच्या ग्रुपला जेवणाचं बुकिंग असे.

वाळवंटाकडे जातानाही बसच आडवी येते. मराकेशहून वारझाझातकडे तिझी-न-तिश्का हा 2260 मीटरचा घाट ओलांडावा लागतो. मोठी बस सहसा मुख्य रस्ता सोडत नाही, थेट आयत बेन हद्दू या मातीच्या तटबंदी गावाला नेते. 1987 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, मातीचे बुरूज डोळ्यांत भरतात, पण भर दुपारी तिथे गर्दीही तशीच. गाडीने जाणाऱ्याला घाटानंतर डावीकडे तेलुएतचा फाटा घेता येतो. तिथे मराकेशचा पाशा थामी अल-ग्लावी याच्या घराण्याची पडझड झालेली कसबा, म्हणजे तटबंदीचा वाडा, आहे. बाहेरून मातीचा ढिगारा, आत रंगवलेली लाकडी छतं आणि झेलीज फरशीच्या भिंती. हा माणूस फ्रेंचांच्या बाजूने उभा राहिला, 1956 मध्ये वारला आणि घराण्याची सद्दी संपली. पुढे ऊनिला खोऱ्यातून अनमितर, तमदाख्त अशी गावं घेत रस्ता आयत बेन हद्दूलाच उतरतो. मिठाचे आणि सोन्याचे तांडे जायचे तो हा मार्ग.

बर्बर, म्हणजे अमाझिग, गावांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण कार्यक्रमपत्रिकेत दोन्हीकडे हाच शब्द असतो आणि दिसतं ते वेगळंच. ग्रुपचं बर्बर गाव म्हणजे बस उभी करायला जागा असलेलं, रस्त्यालगतचं, पाहुण्यांसाठी सजवलेलं घर. चहा उंचावरून ओतून दाखवतात, मध-लोणी-पाव देतात, टाळ्या, निघायचं. त्या घरातल्या माणसांच्या आदरातिथ्यात खोट नव्हती, ते त्यांचं पोट आहे. पण चाळीस माणसं एका घरात शिरली की कुणीच कुणाशी बोलू शकत नाही. अनमितरला आम्ही थांबलो तेव्हा ड्रायव्हरने एका ओळखीच्या घरी विचारलं. म्हातारी बाहेर बार्ली निवडत होती. तिने आधी आम्हाला निरखलं, मग सुनेला हाक मारली. ड्रायव्हर दुभाष्या झाला. पाण्याच्या पाटाची पाळी कुणाची कधी, यावरून गावात वाद कसे होतात आणि जमातीचे जुने लोक ते कसे मिटवतात, हे तासभर ऐकलं. आपल्याकडच्या पाणीवाटपाच्या भांडणांबद्दल सांगितलं तेव्हा तीही हसली. 2011 च्या घटनेने तामाझिग्तला राजभाषेचा दर्जा दिला, शाळेच्या पाटीवर तिची तिफिनाग लिपीतली अक्षरं दिसतात. म्हातारीला ती वाचता येत नव्हती, नातवाला येत होती.

मर्झूगाला पोचल्यावर खरं तर दोघं सारखेच. एर्ग शेब्बीच्या, म्हणजे तिथल्या वाळूच्या टेकड्यांच्या, कडेला सगळ्यांनाच बस-गाडी सोडून उंट किंवा जीप घ्यावी लागते, तंबू दोन्हीकडे उत्तम. फरक पोचण्याच्या वेळेचा. मराकेशहून मर्झूगा 550 किलोमीटरच्या वर आहे. बसला प्रत्येक थांब्याला अर्धा तास जास्त लागतो आणि सूर्यास्त थांबत नाही. आमचा ग्रुप अंधार पडताना पोचला, उंटांची रांग लागेपर्यंत वाळूचा रंग गेलेला. दुसऱ्या वेळी वाटेत दादेसला मुक्काम केला, तोदराच्या उंच कड्यांखालून सकाळीच निघालो आणि दुपारी रिसानीच्या बाजारात पोचलो. इथला मोठा बाजार रविवार, मंगळवार आणि गुरुवारचा, तेव्हा वार बघून बेत करा. मसाला-मांस भरून भाजलेला मदफूना पाव आमच्यातल्या मांसाहारी मंडळींनी तिथेच संपवला.

रिसानीला लागून सिजिलमासा या जुन्या व्यापारी शहराचे अवशेष आहेत, बघायला मातीच्या भिंतींशिवाय फारसं काही नाही. पण आपल्यापैकी ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी दहा मिनिटं थांबावं. तांजियरचा चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता आपल्या दौलताबादला येऊन गेला होता, मराठ्यांच्या भात-भाजीच्या जेवणाबद्दल त्याने लिहून ठेवलंय. तोच माणूस 1352 मध्ये याच सिजिलमासातून उंट आणि चार महिन्यांचा चारा घेऊन सहारा ओलांडायला निघाला. ग्रुपच्या बसमधून हे गाव खिडकीतून मागे गेलं होतं, कुणी नावही घेतलं नव्हतं.

खर्चाचं म्हणाल तर चौघांत गाडी वाटली की फार मोठा फरक पडला नाही, असा माझा अनुभव. दोघंच असाल तर गाडी महाग पडेल. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील, किंवा एकटं जायचं असेल, तर मी अजूनही ग्रुपला नाही म्हणणार नाही. फक्त पैसे भरण्यापूर्वी एक विचारा: फेसमध्ये रात्रीचा मुक्काम मदिनेच्या तटाच्या आत आहे की बाहेर? पंधरा-सोळा जणांची मिनीबस असलेल्या काही टूर आत मुक्काम देतात, तो मधला मार्ग वाईट नाही. बाहेर असेल तर निदान एका संध्याकाळी जेवण सोडून टॅक्सीने आत जाण्याची परवानगी मागून घ्या.

बाकी सगळ्यांनी गाडी घ्यावी असं मला वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत जात असाल तर हवा छान असते. फेसपासून सुरू करा, तिथे दोन रात्री तरी ठेवा, मग मिडेल्टवरून झीझ खोऱ्यातून मर्झूगा, आणि तेलुएतच्या रस्त्याने शेवटी मराकेश. उलट्या दिशेने गेलात तर फेसला थकून पोचाल, आणि ते शहर ताज्या पायांनीच बघायला हवं.