गांधी दहा रुपये, 1948: फोटोत खरे, हातात खोटे

विक्रेत्याने टपाल तिकिटांच्या लॉटचे, म्हणजे एकत्र विकायच्या गठ्ठ्याचे, वर्णन असे दिले होते: ‘1948 गांधी, चारही तिकिटे, मिंट, हिंज न लावलेली. सोबत नकाशा मालिका, स्टार वॉटरमार्क. आजोबांचा संग्रह.’ मिंट म्हणजे न वापरलेली, हिंज म्हणजे तिकीट अल्बमात डकवायची छोटी कागदी पट्टी, आणि वॉटरमार्क म्हणजे कागदातच असलेली पुसट आकृती. फोटो एकच होता, तोही समोरून, काळ्या स्टॉककार्डात खोचलेल्या तिकिटांचा. चौदा हजार पाचशे रुपये यूपीआयने गेले आणि चार दिवसांनी पाकीट घरी आले.

फसवणूक करणाऱ्याने तीन तिकिटे खरी दिली होती. दीड आणे, साडेतीन आणे आणि बारा आणे यांवर बोट ठेवायला जागा नव्हती. खरी तिकिटे शेजारी दिसली की दहा रुपयांवरही विश्वास बसतो, आणि संचातली खरी किंमत असते ती त्याचीच. 15 ऑगस्ट 1948 ला निघालेली ही मालिका स्वित्झर्लंडच्या कूर्वाझिये छापखान्यात फोटोग्रॅव्हुअर पद्धतीने छापली गेली. परफोरेशन, म्हणजे तिकीट फाडून घेण्यासाठी कडेला पाडलेली भोके, चहूबाजूंनी 11½: दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा भोके. दहा रुपयांच्या तिकिटात शाई दोनच रंगांची आहे: जांभळट तपकिरी आणि लाखी लाल.

हे तिकीट सगळ्यात आधी त्याच्या दात्यांनी, म्हणजे कडेच्या भोकांमधल्या टोकांनी, पकडून दिले. ते मोजायचे गेज हाताशी नसेल तरी चालते, कारण संचातले खरे तिकीट हेच गेज. दीड आण्याची कड दहा रुपयांच्या कडेला लावायची आणि पहिला दाता पहिल्या दात्यासमोर आणायचा. खरे असेल तर शेवटपर्यंत दात्यासमोर दाताच येतो. इथे मध्यावर पोचेपर्यंत दाते सरकू लागले, आणि दोन सेंटिमीटरला दात्यासमोर भोक आले. म्हणजे परफोरेशन 12 च्या आसपास. काळ्या कार्डात कड खोचलेली असली की फोटोत यातले काहीच कळत नाही, आणि तिकीट तसे खोचायचे कारणही बहुधा तेच असते.

मग भिंग. दहापट पुरत नाही, वीस ते तीसपट हवे. फोटोग्रॅव्हुअरमध्ये प्रत्येक शाई स्वतंत्र रंगाची असते. बारीक, नियमित जाळीतून ती कमी-जास्त गडद उतरते, आणि जाळी अक्षरांवरही असल्याने त्यांच्या कडा किंचित करवतीसारख्या दिसतात. या तिकिटात चेहऱ्याचा तपकिरी रंग निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांच्या फुल्यांचा बनलेला होता. ही साधी चाररंगी ऑफसेट छपाई, लग्नपत्रिकेला वापरतात तशी. इंकजेटवर काढलेली नक्कल असेल तर फुल्यांऐवजी शाईचे विस्कळीत शिंतोडे दिसतात. सगळ्याच नकला इतक्या ढोबळ नसतात. काहींत रंग नीट साधलेले असतात, म्हणून एकट्या भिंगावर विसंबू नये.

तिसरी तपासणी नोटा पाहण्याच्या अतिनील टॉर्चची, अंधाऱ्या खोलीत. आजच्या बहुतेक पांढऱ्या कागदात चकाकी आणणारे रसायन असते, त्यामुळे तो निळसर पांढरा पेटतो. 1948 चा कागद मंदच राहतो. मात्र वापरलेले तिकीट कुणी कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात सोडवले असेल, तर खरे असूनही ते चमकते. मिंट तिकिटाला ही पळवाट नाही.

बारा आण्याचे तिकीट खरे, पण त्याचा डिंक खरा नव्हता. हिंजची खूण नसली की भाव वाढतो, म्हणून जुना डिंक धुऊन नवा लावतात. तो ओळखायचा तर मागची बाजू सोडून दात्यांची टोके पाहावीत. मूळ तिकिटाला आधी डिंक लागतो आणि मग भोके पडतात, म्हणून टोकाला कागदाचे तंतू मोकळे, मऊ राहतात. नंतर लावलेला डिंक टोकांवर ओघळतो, तंतू चिकटतात आणि दाते बोटाला टोचतात. शिवाय मुंबई-कोकणच्या हवेत पंच्याहत्तर पावसाळे काढलेला डिंक काचेसारखा स्वच्छ असेल, तर शंका घ्यायलाच हवी.

नकाशा मालिकेतली, म्हणजे भारताच्या नकाशाचे चित्र असलेल्या तिकिटांतली, फसवणूक वेगळ्या जातीची. तिकिटे खरी, वर्णन खोटे. 1957 च्या नाशिक छपाईत अनेक ताऱ्यांचा वॉटरमार्क होता, 1958 पासून त्याच चित्राच्या तिकिटांवर अशोकस्तंभाचा आला. समोरून दोन्ही सारखी. तिकीट काळ्या बशीत पालथे ठेवून लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब टाकले की आकृती उमटते. खिडकी उघडी हवी, काडी-मेणबत्ती लांब हवी. फोटोग्रॅव्हुअरच्या काही शाया मात्र या द्रवाने बिघडतात, म्हणून गांधी संचावर हा प्रयोग करायचा नाही. या लॉटमधल्या बारापैकी आठ तिकिटांवर सिंह निघाले.

त्या विक्रेत्याच्या दुसऱ्या लॉटमध्ये ‘सर्व्हिस’ ओव्हरप्रिंटचे, म्हणजे तयार तिकिटावर तो शब्द वरून छापलेले, दहा रुपयेही होते. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी अशी फक्त शंभर तिकिटे तयार झाली होती, आणि 2017 मध्ये चारांची एक पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली. ते स्वस्तात मिळत असेल तर तपासणीवर वेळ घालवू नये.

पैसे देण्याआधी चार गोष्टी मागून घ्याव्यात: मागच्या बाजूचा फोटो, पांढऱ्या कागदावर चारही कडांचा 1200 डीपीआय स्कॅन, तज्ज्ञ समितीकडे पाठवण्यापुरती मुदत, आणि खोटे ठरल्यास पूर्ण परतावा देण्याची लेखी कबुली. प्रमाणपत्र दाखवले तर त्यावरच्या छायाचित्रातला दाता न् दाता तिकिटाशी जुळवावा. खरे प्रमाणपत्र आणि दुसरेच तिकीट ही जोडी जुनी आहे. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पाकीट, पावती आणि संवाद जपून ठेवावेत.

इथे तक्रार नोंदवल्यावर विक्रेत्याने पैसे परत केले आणि तिकिटे मागवून घेतली. तीन आठवड्यांनी त्याचे दहा रुपये पुन्हा विक्रीला आले, काळ्याच कार्डात, या वेळी ‘काकांचा संग्रह’ म्हणून. कड थोडी बाहेर आली होती: खालून डावीकडचा तिसरा दाता तसाच आखूड.