मिकिफोन: खिशातला फोनो, पण खिसा कोटाचा हवा

आधी या मिकिफोनची, म्हणजे चावीवर चालणाऱ्या खिशातल्या ग्रामोफोनची, किंमत सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येणार. सव्वातीनशे स्विस फ्रँक. सांगितले होते चारशे. मी घासाघीस करत होतो तेव्हा लेक ‘हे माझे कुणी नव्हेत’ असा चेहरा करून तळ्याकडे बघत उभी होती. झुरिकला ब्युर्कलीप्लाट्झवर मे ते ऑक्टोबर दर शनिवारी जुना बाजार भरतो, तिथली ही खरेदी. चावीचा दांडा, साउंडबॉक्स (पिन धरून आवाज काढणारी डबी), रेझोनेटरचे (कर्ण्याचं काम करणाऱ्या पोकळ भागाचे) दोन्ही तुकडे, सगळं डब्यात होतं. इतक्या सुट्या भागांच्या यंत्रात काहीतरी हरवलेलं असणार असं धरूनच मी डबा उघडला होता. सगळं जागेवर दिसल्यावर फार ताणून धरलं नाही.

मिकिफोन म्हणजे निकेल चढवलेला पत्र्याचा गोल डबा. व्यास साधारण साडेअकरा सेंटिमीटर, जाडी पाचेक सेंटिमीटर. कोटाच्या खिशात जातो. शर्टाच्या खिशाचं नाव काढू नका. कल्पना वादास नावाच्या हंगेरियन भावांची आणि घडण स्वित्झर्लंडच्या सेंत-क्रुआ गावातल्या पायार कंपनीची, 1920च्या दशकाच्या मध्यावरची. मूळ करार तब्बल 1,80,000 नगांचा होता असं म्हणतात, पण तीनेक वर्षांत सगळा कारभार आटोपला.

पायार हे नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. आपल्याला फोनो म्हटलं की कर्ण्यापुढे बसलेला एचएमव्हीचा कुत्राच आठवतो. पण ही मंडळी 1814 पासून जुरा डोंगरातल्या त्या गावात होती. संगीतपेट्यांवर नाव कमावलं, आणि पुढे हर्मीस टाइपरायटर आणि बोलेक्स कॅमेरा याच घरातून निघाले. फोनो बनवणारे थोरेन्सही त्याच गावचे. माझं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे कर्ण्यापेक्षा मला गिअरचे दात आधी दिसतात. मिकिफोनची मोटार उघडली तेव्हा एवढ्याशा जागेत चावी, स्प्रिंग आणि वेग आवरणारा गव्हर्नर कसे बसवलेत ते पाहत मी बराच वेळ नुसता बसून होतो. हे काम पिढ्यान् पिढ्या बारीक दाते कापणाऱ्यांचंच.

मी अशा अनोळखी नावांच्या मागे मुद्दाम लागलोय. चोरबाजारात काय किंवा ऑनलाइन काय, चकचकीत पितळी कर्णा, कोरी अष्टकोनी लाकडी पेटी, पुढे कुत्र्याची पट्टी आणि आत कुठल्यातरी मोडक्या पोर्टेबलची (सुटकेससारख्या पेटीतल्या ग्रामोफोनची) मोटार, असं बनावट ध्यान ‘शंभर वर्षांचं अँटिक’ म्हणून सर्रास खपतं. नकली माल करणारा नावावर धंदा करतो. गिऱ्हाइकाने जे नाव कधी ऐकलंच नाही, त्याची नक्कल करून त्याला काय मिळणार? म्हणून माझ्या कपाटात कुत्रा एकही नाही.

आता वापराचं बोलू. डबा उघडायचा, आवाजनळी बसवायची, तिला साउंडबॉक्स लावायचा, रेझोनेटरचे दोन काळे तुकडे जुळवून जोडायचे, चावी द्यायची. हात बसला की पटकन होतं. तबकडीखाली पूर्ण थाळी नाही. दहा इंची तबकडी फक्त मध्यावर टेकते आणि बाकी सगळी अधांतरी फिरते. तबकडी सपाट असेल तर काही बिघडत नाही, जरा वाकलेली असली की मात्र पिन वरखाली नाचते. एका चावीत एक बाजू जेमतेम निघते. शेवटच्या ओळींना वेग पडायला लागतो आणि गाणाऱ्याची पट्टी अलगद उतरते.

आवाज? खरं सांगायचं तर खेळण्याच्या वरचा आणि पोर्टेबलच्या बराच खालचा. हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली. वरचे स्वर आश्चर्य वाटावं इतके स्वच्छ आले. पण तबल्यातला डग्गा गायब, चाट तेवढी ऐकू येते, आणि पेटी सर्दी झाल्यासारखी. मग मुद्दाम ‘यंग इंडिया’ची एक घासलेली तबकडी काढली. 1930च्या दशकात मुंबईत निघालेली ही स्वदेशी कंपनी, म्हणजे तीही तशी अनोळखीच. त्या तबकडीवर यंत्राने गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकवली. एक लक्षात ठेवा, या जातीच्या साउंडबॉक्सचा भार खोबणीवर बराच पडतो. जिवापाड जपलेल्या तबकड्या यावर लावू नका. पिन प्रत्येक बाजूला नवी घ्या. लाखेच्या तबकडीत भुकटीच अशी घातलेली असते की पिन झिजून खोबणीच्या आकाराची व्हावी. तीच झिजलेली पिन दुसऱ्या तबकडीवर लावली की ती खोबणी खरवडते.

दुरुस्तीला काय लागलं? स्प्रिंगच्या डबीतलं जुनं ग्रीस पार गुळाच्या ढेपेसारखं झालं होतं. ते रॉकेलमध्ये भिजवून काढलं, नवं ग्रीस भरलं. स्प्रिंगची डबी उघडताना हातमोजे आणि चष्मा लागतोच. ती सुटली तर बोटं फाडते. साउंडबॉक्सचं रबर दगड झालेलं, ते बदललं. मग वेग लावायला 77 रेघांची स्ट्रोब चकती, म्हणजे लुकलुकत्या दिव्याखाली वेग दाखवणारी चकती. 50 सायकलच्या विजेवरच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला 78 फेऱ्यांच्या आसपास आला. घरातल्या एलईडीखाली काही दिसेना, शेवटी माळ्यावरची चोकवाली ट्यूबलाइट उतरवावी लागली. बायकोचं म्हणणं, दिवाळीत सांगितलं तेव्हा चढला नाहीत माळ्यावर.

कुणी घ्यावा? रोज गाणी ऐकायची असतील तर मुळीच नको, त्या पैशात चांगला पोर्टेबल मिळेल. यंत्र हातात घेऊन उलगडायची, जोडायची हौस असेल तर जरूर घ्या. घेताना रेझोनेटर उजेडासमोर धरून केसाएवढी चीर आहे का ते बघा. माझ्याला एक आहे, काठाला. आवाजात फरक पडत नाही म्हणून तशीच ठेवली, चिकटवायच्या भानगडीत पडलो नाही. चावी हळूहळू द्या. मध्येच ठक्कन आवाज होऊन हात सैल पडला तर स्प्रिंग तुटकी आहे किंवा तिची आकडी सुटतेय. अशा वेळी विक्रेता कितीही गोड बोलला तरी किंमत निम्मी करा, नाहीतर डबा खाली ठेवा. निकेलला ब्रासो लावून घासू नका, थर आधीच पातळ असतो.

माझा पुढचा नंबर थोरेन्सच्या एक्सेल्डाचा. तो 1930च्या दशकातला, घडीच्या कॅमेऱ्यासारखा दिसणारा. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.