फुकटचे उच्चार-व्हिडिओ आणि ध्वनिचिन्हे: खानदेशी जिभेला काय उपयोगी, काय अपुरे

बीबीसी लर्निंग इंग्लिशची 'साउंड्स ऑफ इंग्लिश' ही मालिका यूट्यूबवर फुकट आहे. ब्रिटिश इंग्रजीचे ४४ ध्वनी (स्वर २०, व्यंजने २४) आणि एकेका ध्वनीसाठी छोटा व्हिडिओ. जोडीला केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश ठेवला (त्यात शब्दापुढे उच्चाराची ध्वनिचिन्हे आणि आवाज असतो), तर फक्त उच्चारांसाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही. मात्र मालिका ओळीने पहिल्यापासून बघत बसू नका. ती जगभरच्या लोकांसाठी केलेली आहे. म, न, ब, ग आपल्या तोंडात आधीच बसलेले आहेत, त्यांच्यावर आठवडा घालवण्यात अर्थ नाही.

चिन्हांची सुरुवात उलट्या इंग्रजी 'ई'पासून करा. छोट्या लिपीतला 'ई' उलटा ठेवल्यासारखे दिसणारे हे चिन्ह म्हणजे श्वा: ओठ सैल, जीभ निवांत, तोकडा 'अ'. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीचाच शब्द घ्या, बनाना. आपण तिन्ही अक्षरे सारख्याच वजनाने म्हणतो आणि शेवटचा 'ना' लांबवतो. शब्दकोशात मात्र पहिला आणि शेवटचा स्वर श्वा आहे, लांब 'आ' फक्त मधे. म्हणजे 'ब-नाऽ-न', आणि त्या शेवटच्या 'न'मधला 'अ' गिळायचा नाही. कॉटनमध्ये जोर पहिल्या अक्षरावर पडतो आणि 'ट'नंतरचा स्वर जवळपास गळतो. आपले इंग्रजी समोरच्याला कळत नाही, त्याचे मोठे कारण हेच आहे, व्यंजने नंतर येतात. म्हणून माझ्या मते श्वाचा व्हिडिओ तीन-चार दिवस रोज बघावा.

चिन्हे वाचताना ठरावीक ठिकाणी गफलत होते. स्वरानंतरचे दोन ठिपके आपल्याला विसर्गासारखे दिसतात आणि नकळत 'ह' निघतो. ती फक्त लांबीची खूण आहे. इंग्रजी 'जे'सारखे चिन्ह म्हणजे 'य', 'ज' नव्हे. येलोच्या सुरुवातीला तेच असते. उंच, लांब वाकडा 'एस' म्हणजे 'श'. आणि जोराची छोटी उभी रेघ जोराच्या अक्षराच्या आधी येते, नंतर नाही. फोटोग्राफमध्ये ती 'फो'च्या आधी असते, फोटोग्राफीमध्ये 'टो'च्या आधी. रेघ सरकली की पहिला स्वर लगेच श्वा होतो: 'फ-टॉ-ग्र-फी'. हे एवढे एक जोडपे नीट बसले, तर नव्या शब्दात जोर कुठे द्यायचा हे कुणाला न विचारता शब्दकोशातून कळते. चिन्हे शिकण्याचा खरा फायदा हा आहे.

व्यंजनांत सगळ्यात आधी 'व्ही' आणि 'डब्ल्यू'. डोळ्याला 'डोया' म्हणणाऱ्या जिभेला इंग्रजी 'ल' त्रास देत नाही, पण आपला एकच 'व' या दोघांच्या मधोमध पडतो. भरीला आपण 'व्ही' साठी 'व्ह' लिहितो आणि त्यात 'ह'ची फुंकर घालतो. व्हॅन, व्हॉल्व्ह म्हणताना ती काढून टाका. वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि तीन सेकंद आवाज धरून ठेवा, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. 'डब्ल्यू'ला दात अजिबात लागत नाहीत, शीळ घालताना होतो तसा ओठांचा चंबू होतो. आरसा समोर ठेवा. व्हिडिओत ओठ दिसतात, पण आपले चुकतात कुठे हे आरशातच कळते.

'झेड' सोपा आहे. 'माझा' म्हणताना जीभ क्षणभर वर टेकते, ती टेकू न देता तोच आवाज लांबवा. 'मेझर'मधला तिसराच ध्वनी आहे, तो 'श'ला कंठाचा आवाज जोडून येतो.

चिन्हांची एक मोठी उणीव सांगायलाच हवी. पेन, टी, की यांच्या सुरुवातीला इंग्रजीत हवेचा झोत असतो, आणि शब्दकोशातली नेहमीची चिन्हे तो दाखवत नाहीत. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून पेन म्हणा, ती हलली पाहिजे. मात्र स्पिनमध्ये 'एस'नंतर ती हलता कामा नये. प आणि फ वेगळे ऐकणाऱ्या मराठी कानाला हा फरक पटकन कळतो. पण म्हणून 'फ' करताना खालचा ओठ दातांना लावू नका, दोन्ही ओठ घट्ट मिटूनच फुंकर सुटली पाहिजे.

व्हिडिओ आपली चूक सांगत नाही, ही त्याची मर्यादा. मोबाइलच्या रेकॉर्डरवर स्वतःचा शब्द घ्या आणि शब्दकोशातल्या आवाजाला लागून ऐका. बोलून टाइप करायची सोयही वापरता येते, फक्त भाषा 'इंग्लिश, युनायटेड किंगडम' ठेवा आणि सुटा शब्द बोला. पूर्ण वाक्य बोललात तर ती संदर्भावरून अंदाजाने बरोबर लिहिते आणि चूक झाकली जाते. ब्रिटिश आणि अमेरिकन वाहिन्या एकत्र बघू नका. ब्रिटिश कारमध्ये 'र' ऐकू येत नाही, अमेरिकनमध्ये येतो, आणि अमेरिकन बनानातला मधला स्वर 'ॲ' होतो. दोन्हींची सरमिसळ झाली की महिनाभराची मेहनत विस्कटते.

व्हिडिओचा वेग ०.७५ ठेवा, ०.५ वर आवाज ताणला जाऊन स्वरच बिघडतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज कच्ची असेल तर चांगले नेट मिळेल तिथे डाउनलोड करून ठेवा, पण चित्राचा दर्जा ३६० च्या खाली नेऊ नका. १४४ वर ओठ धूसर दिसतात, आणि 'व्ही' शिकताना बघायचे ते ओठच.