एका शब्दाच्या नोंदीवरून बहुभाषी शब्दकोशाचे परीक्षण

सोयाबीनवरील किडींविषयी ब्राझीलमध्ये विपुल लेखन झाले आहे. लोंद्रिना येथील एम्ब्रापा या ब्राझीलच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेच्या सोयाबीन केंद्राची माहितीपत्रके लातूर भागातील शेतकऱ्यांनाही उपयोगी पडण्यासारखी आहेत, परंतु ती बहुतेक पोर्तुगीजमध्ये असतात. त्यांचे मराठी करताना मी मोबाइलवरील एक मोफत बहुभाषी शब्दकोश वापरतो. ग्रीक पुराणकथांतील निसर्गदेवता आणि किडीचे पिल्लू असे दोन्ही अर्थ असलेल्या ‘निंफ’ या एकाच नोंदीत त्याचे गुणदोष स्पष्ट दिसतात.

पुराणकथांचा भाग उत्तम आहे. मूळ ग्रीक शब्दाचा ‘वधू’ हा अर्थ, झऱ्यांच्या नायड, वृक्षांच्या ड्रायड आणि डोंगरांच्या ओरिएड या देवतांमधील भेद, हे सारे नेमकेपणाने सांगितले आहे. पोर्तुगीज प्रतिशब्द ‘निंफा’ स्त्रीलिंगी असल्याची नोंदही आहे आणि ती मला विशेष मोलाची वाटते, कारण ढेकणाला (येथे पिकाचा रस शोषणाऱ्या किडीला) तिकडे ‘पेर्सेवेझू’ असा पुल्लिंगी शब्द असला, तरी त्याच्या बाल्यावस्थेचा उल्लेख स्त्रीलिंगीच होतो.

कीटकशास्त्रीय अर्थाला मात्र मराठीत केवळ ‘कोष’ हा शब्द दिला आहे. पोर्तुगीजमध्ये ‘निंफा’ कोषावस्थेसाठीही वापरतात, त्यामुळे ही नोंद निराधार नाही. पण सोयाबीनच्या पत्रकात ती घातक ठरते. दोन्ही देशांत आढळणाऱ्या हिरव्या ढेकणाला कोषावस्था नसतेच. अंड्यातून निघालेले पिल्लू पाच वेळा कात टाकून प्रौढ होते आणि तिसऱ्या अवस्थेपासून शेंगांतील दाण्यांचा रस शोषून मोठे नुकसान करू लागते. म्हणूनच ब्राझीलमध्ये ओळींच्या मधे कापड अंथरून त्यावर झाडे झटकतात, प्रौढांबरोबर ही मोठी पिल्लेही मोजतात आणि धान्यासाठीच्या पिकात मीटरभर ओळीत असे २ ढेकूण आढळले की फवारणीचा निर्णय घेतात. तेथे ‘कोष मोजा’ असे भाषांतर झाले, तर शेतकरी झाडावर नसलेली वस्तू शोधत बसेल आणि समोरची पिल्ले मोजणीतून सुटतील.

आपल्या कृषी पत्रकांत ‘पिल्ले व प्रौढ रस शोषतात’ हे वाक्य इतके रुळलेले आहे की ‘पिल्लू’ हा शब्द कोशकारांना सहज सापडायला हवा होता. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा कोश निःशंकपणे वापरावा. शेतीविषयक भाषांतर करणाऱ्यांनी मात्र ती कीड कोषात जाते की नाही, हे आधी पाहूनच प्रतिशब्द निवडावा.